उताराच्या शेतात वर सेंद्रिय कर्ब कमी, खाली जास्त : असे का?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा) : शेत एकच, पऱ्हाटी (कपाशी) एकच, शेणखतही सारखेच दिले, तरी माती परीक्षणात वरच्या अंगाला सेंद्रिय कर्ब 0.31 टक्के आणि नाल्याकाठी 0.64 टक्के निघाला. अहवाल चुकला काय? वरच्या पट्ट्याला दुप्पट शेणखत द्यावे काय? नाल्याकडच्या मातीत मुक्त चुनाही (कॅल्शियम कार्बोनेट) जास्त दाखवला आहे. तोही कर्बच ना?

उत्तर : अहवाल चुकला असे समजण्याचे कारण दिसत नाही. मातीतील सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून व शेणखतातून आलेल्या कार्बनचा, मोठा भाग चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना धरून असतो आणि पीक लहान असताना कोसळणाऱ्या पावसात हेच हलके कण आधी वाहतात, मुरूम व गोटे मागे राहतात. म्हणून माती ज्या प्रमाणात जाते त्याहून अधिक प्रमाणात कर्ब जातो. हेक्टरवरून 1 मिलिमीटर थर धुपला, तरी सुमारे 13 टन माती हलते, आणि ते डोळ्यांना सहसा कळतही नाही. मोठा पाऊस उघडल्यावर खालच्या धुऱ्याला (बांधाला) लागून मऊ काळ्या गाळाचे पापुद्रे वाळून उकललेले दिसतात. तो आपल्या वरच्या पट्ट्याचाच माल आहे.

वाहिलेल्या कर्बाला पुढे वेगवेगळ्या वाटा फुटतात. थेंबांच्या माऱ्याने ढेकळे फुटली की त्यांत दडलेला सेंद्रिय अंश जिवाणूंच्या तावडीत सापडतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. काही भाग खोलगटात साचून वर्षागणिक नव्या थराखाली गाडला जातो व तेथे हवा कमी असल्याने सावकाश कुजतो, तर उरलेला नाल्यावाटे तलावात व नदीत पोचतो. या सगळ्याची गोळाबेरीज केल्यावर धूप हवेतील कर्ब वाढवते की घटवते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आपल्या वरच्या पऱ्हाटीला मात्र त्या वादाचे सोयरसुतक नाही.

वरच्या 15 सेंटिमीटर थरात कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा, तर हेक्टरी सुमारे 2 टन कर्ब तेथे टिकावा लागतो. आपल्याकडील उन्हात शेणखतातील बराचसा कर्ब लवकरच हवेत जातो, त्यातही पाणी मोकळे धावत असेल तर दुप्पट शेणखताचा फायदा नाल्याकाठच्या पट्ट्यालाच होईल. म्हणून आधी पाणी अडवा, मग खत वाढवा. पेरणी व वखरणी उताराला आडवी करावी, डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून तासांमध्ये सऱ्या काढाव्यात, धुऱ्यावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून त्याचा पाला शेतातच टाकावा आणि पऱ्हाट्या न जाळता यंत्राने बारीक करून कुजवाव्यात. पुढील नमुने दोन्ही पट्ट्यांचे वेगवेगळे घ्यावेत. एकत्र केल्यास येणारी सरासरी कोणत्याच पट्ट्याची नसते.

मुक्त चुन्यातही कर्ब आहे, पण तो खनिज रूपातील, पिकाच्या कामाचा नाही. उलट त्यामुळे स्फुरद (फॉस्फरस), लोह व जस्त अडकून बसतात. तो सेंद्रिय कर्बात धरू नये.

तलावाचा गाळ टाकायचा झाल्यास फक्त वरच्या हलक्या, मुरमाड पट्ट्यात उन्हाळ्यात टाकावा. नाल्याकाठच्या भारी जमिनीत त्याने निचरा आणखी बिघडेल. गाळाचा सामू (पीएच) व क्षारता आधी तपासून घ्यावी.