गाडी गरम झाली की बंद, गार झाली की सुरू

प्रश्न : आठ वर्षांची पेट्रोल गाडी आहे. घाट चढून आलं किंवा उन्हात सिग्नलला थांबलं की इंजिन एकदम बंद पडतं. वीस-पंचवीस मिनिटांनी पहिल्याच सेल्फला सुरू होतं. गॅरेजमध्ये नेली की मात्र काहीच होत नाही. फ्युएल पंप बदलला, फरक नाही. स्कॅनरवर ‘पी ०३३५’ आला होता, तो पुसून टाकला. आता सेन्सर बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कोड आधी पुसला आणि पंप नंतर बदलला, असं असेल तर क्रम उलटा झाला. पी ०३३५ हा क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या (इंजिन फिरतंय का आणि किती वेगाने, हे सांगणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा कोड. सर्किट म्हटलं की सेन्सर, कनेक्टर, वायर, ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) पिन, सगळं आलं. कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम (त्या क्षणाचं तापमान, वेग, आरपीएम) पुसल्यावर तीही जाते. म्हणून आधी फोटो, मग पुसणं.

क्रँकचा सिग्नल गेला की बहुतेक गाड्यांत ईसीयू इंजेक्टर आणि स्पार्क दोन्ही थांबवतो. त्यामुळे गाडी चावी फिरवल्यासारखी गप्प होते. पेट्रोल कमी पडत असेल तर सहसा आधी आचके बसतात. तुमच्या वर्णनात आचके नाहीत.

दोन वायरच्या सेन्सरमध्ये केसाएवढ्या तारेची कॉइल असते. तार आतून तुटलेली असली तर गार असताना टोकं टेकलेली राहतात, तापल्यावर प्रसरणाने सुटतात. गॅरेजमध्ये बॉनेट उघडून तासभर उभ्या असलेल्या गाडीवर रीडिंग चांगलंच येणार. तपासणी बंद पडलेल्या अवस्थेतच करायला हवी.

पुढच्या वेळी बंद पडली की गाडी कडेला घ्या. (इंजिन गेल्यावर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच उरतो. पेडल पंप करू नका, एकदाच घट्ट दाबा.) ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या स्कॅनर-सॉकेटला लागणारं, मोबाइलला जोडणारं यंत्र) लावून सेल्फ मारा आणि मोबाइलवर आरपीएम पहा. चांगल्या बॅटरीवर साधारण १५० ते २५० दिसतो. सेल्फ फिरतोय पण आकडा शून्य, तर संशय क्रँक सिग्नलवर. आकडा नीट येत असेल तर सेन्सर सोडा, पेट्रोलचं प्रेशर आणि स्पार्क तपासा.

मग सेन्सरच्या अंगावर ओलं फडकं धरा. पट्ट्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून हात लांब. दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर दोष बहुधा सेन्सरमध्येच.

मल्टिमीटरने खात्री करताना आधी सेन्सरला वायर किती आहेत ते पहा. दोन असतील तर इग्निशन बंद करून, कनेक्टर काढून ओहम घ्या. बऱ्याच सेन्सरना ५०० ते १५०० च्या दरम्यान येतात. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा. सेन्सर काढून, मीटर लावूनच हेअर ड्रायरने तापवा. गार असताना ९०० आणि तापल्यावर ‘ओएल’ (म्हणजे आतली तार तुटलेली), तर बदला. तीन वायर असतील तर तो बहुधा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा). त्याच्या ओहमला काही अर्थ नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. तिथे इग्निशन चालू करून सप्लाय पहा (गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट). इंजिन चालू असताना अर्थिंगच्या वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब.

सेन्सर निर्दोष निघाला तर इंजिन आयडलला ठेवून हार्नेस (वायरचा जुडगा) हलवा, विशेषतः ब्रॅकेटला घासतो तिथे, आणि इंजिन अडखळतं का पहा. पिनवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. सॅंडपेपर नको, पिनेचा मुलामा निघतो.

नवा सेन्सर बसवताना बसायची जागा पुसा, ओ-रिंगला तेलाचा थेंब द्या. टोकाला लोखंडी कीस चिकटला किंवा सेन्सर तिरका बसला तर पी ०३३६ (क्रँकचा सिग्नल येतो पण नीट नाही, असा कोड) हजर होतो. बिनब्रँडच्या स्वस्त सेन्सरने हेच दुखणं महिन्याभरात परत येऊ शकतं, तिथे काटकसर नको.

प्रश्न : पावसात मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एसी प्रेशर सेन्सर असे तीन-चार कोड एकदम येतात, ऊन पडलं की जातात. सगळेच खराब झाले का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. अनेक गाड्यांत या सेन्सरना ५ व्होल्टचा एकच सप्लाय असतो. एक शॉर्ट झाला की सगळे आडवे. कोड आलेले असतानाच मॅपच्या कनेक्टरवर सप्लाय मोजा. ५ ऐवजी १-२ व्होल्ट दिसले तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कनेक्टर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो चोर. सुरुवात एसी प्रेशर सेन्सरपासून करा. तो बऱ्याचदा पुढे कंडेन्सरजवळ असतो, चाकांचं पाणी तिथेच उडतं. सगळे काढूनही व्होल्टेज परतलं नाही तर बहुधा वायर शॉर्ट आहे. उंदरांनी कुरतडलेली जागा शोधा, पावसाळ्यात ते उबेला बॉनेटखाली येतात.