केर्न्सला सहकुटुंब जाताना : आधी महिना ठरवा, मग यादी

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील केर्न्स या शहराविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळांची प्रचंड रांग आणि जगातील अतिप्राचीन वर्षावनांपैकी एक अशी दोन जागतिक वारसास्थळे येथे एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे सहलीचा विचार करणाऱ्या कुटुंबांचे लक्ष तिकडे जाणे साहजिक आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मुलांच्या शाळांमुळे आम्हाला मे महिना, दिवाळीची सुट्टी किंवा नाताळ यांपैकीच एक काळ निवडावा लागतो. केर्न्ससाठी कोणता योग्य? (ठाणे)

उत्तर : दिवाळी, आणि तीही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येत असेल तर डोळे मिटून दिवाळीच. त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे, कारण या शहराच्या बाबतीत बाकीचे सगळे नियोजन महिन्यावरच अवलंबून असते.

केर्न्स विषुववृत्तापासून दक्षिणेला सुमारे 17 अंशांवर आहे. त्यामुळे सिडनी-मेलबर्नसारखे चार ऋतू तेथे नाहीत, कोरडा काळ आणि पावसाळा एवढेच दोन आहेत. पावसाळा साधारण डिसेंबर ते मार्च किंवा एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असतो, म्हणजे नाताळची सुट्टी नेमकी त्यात सापडते. उकाडा, घामाघूम करणारी दमट हवा आणि अधूनमधून चक्रीवादळे हे या काळाचे स्वरूप आहे. डिसेंबर 2023 मध्ये 'जॅस्पर' चक्रीवादळानंतर आलेल्या पुराने विमानतळ बंद पडला होता आणि उत्तरेकडे जाणारा किनारी महामार्ग दरडींमुळे तुटला होता. दर वर्षी असे होत नाही, हे खरे. तरीही वर्षभर पैसे साठवून काढलेल्या सहलीसाठी हा काळ मी कोणालाही सुचवणार नाही.

मे महिना हवेच्या दृष्टीने सुखद असतो. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर हिरवेगार असतात आणि धबधब्यांना पाणी असते. उणिवा दोन आहेत. एक म्हणजे विषारी जेलीफिशचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असा मानला जातो, त्यामुळे समुद्रात मनमोकळे पोहता येत नाही. दुसरी उणीव अशी की, एप्रिलपासून आग्नेयेकडून वाहणारे वारे जोर धरतात आणि पुढे ऑगस्टपर्यंत समुद्र वरचेवर खवळलेला राहतो. छायाचित्रांतल्या निळ्याशार, आरशासारख्या पाण्याची अपेक्षा ठेवून गेलेल्या कुटुंबाला लाटांवर हिंदकळणारी बोट मिळाली की सगळा उत्साह मावळतो.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला वारे पडलेले असतात, पाणी कोमट आणि स्वच्छ असते आणि पाऊस क्वचितच येतो. वर्षाच्या अखेरच्या या महिन्यांत पौर्णिमेनंतरच्या काही रात्री प्रवाळ सामूहिक प्रजनन करतात, त्यासाठी पाणबुडे मुद्दाम तेथे येतात. या काळात केर्न्सजवळचा बॅरन धबधबा मात्र बारीक धारेवर आलेला असतो, कारण समुद्र शांत असतो तेव्हा नद्या आटलेल्या असतात. दोन्ही एकाच सहलीत पदरात पडत नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. केर्न्स ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडच्या शाळांना सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुट्टी असते, तेवढे दिवस टाळल्यास मुक्कामाचे दरही उतरलेले मिळतात.

प्रश्न : दहा दिवसांत सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट आणि केर्न्स असा कार्यक्रम एका एजंटने आखून दिला आहे. तो जमेल का? (पुणे)

उत्तर : कागदावर जमेल. सिडनीहून केर्न्सचे विमान सुमारे तीन तास घेते आणि ब्रिस्बेनहून केर्न्सला रस्त्याने जायचे तर अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास पडते, यावरून देशाच्या आकाराची कल्पना यावी. चार शहरे घेतलीत तर प्रत्यक्षात तुम्ही विमानतळच पाहाल. दोनच ठिकाणे निवडा, केर्न्सला किमान पाच रात्री द्या आणि समुद्राची फेरी पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा. वाऱ्यामुळे ती रद्द झाली तर पुढे ढकलायला हाताशी दिवस राहतात. कोणी पाठीवर हवेची टाकी लावून (स्कूबा डायव्हिंग) खोल पाण्यात उतरणार असेल तर त्यानंतर चोवीस तास विमानप्रवास टाळायचा असतो, म्हणूनही ही फेरी शेवटच्या दिवशी नको.

भारतातून केर्न्सला थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे किंवा सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनपैकी एका शहरातून जावे लागते. ऑस्ट्रेलियातील पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स हे सोपस्कार उरकून पुढचे देशांतर्गत विमान गाठायचे असते. मेलबर्नला ही टर्मिनले शेजारीशेजारी आहेत, तर सिडनीला आंतरराष्ट्रीय टर्मिनलहून देशांतर्गत टर्मिनलला बस, रेल्वे किंवा टॅक्सीने जावे लागते. मुले आणि वृद्ध सोबत असतील तर दोन विमानांमध्ये चार तास मोकळे ठेवावेत.

प्रश्न : माझ्या आईचे वय 72 असून तिला गुडघेदुखी आहे आणि पोहता येत नाही. मुलगी पाच वर्षांची आहे. अशा कुटुंबाने प्रवाळ पाहायला जाण्यात अर्थ आहे का? आईंना किनाऱ्यावर ठेवून जाणे मनाला पटत नाही. (नाशिक)

उत्तर : आईंना किनाऱ्यावर ठेवण्याची मुळीच गरज नाही, फक्त बोट निवडताना भान ठेवावे लागेल. केर्न्सहून निघणाऱ्या फेऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि बहुतेक कुटुंबे केवळ दर पाहून निवड करतात, तेथेच गाडी घसरते.

पहिला प्रकार जवळच्या बेटांचा. ग्रीन आयलंड सुमारे 27 किलोमीटरवर आहे आणि बोट पाऊण-एक तासात पोहोचते. प्रवाळांच्या वाळूने बनलेले हे चिमुकले बेट सपाट असून झाडीतून लाकडी पायवाट काढलेली आहे, सावली आहे, बसायला जागा आहे आणि तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ व मासे पाहता येतात. फिट्झरॉय आयलंडही साधारण तेवढेच दूर आहे, पण ते डोंगराळ आहे आणि त्याच्या किनाऱ्यावर वाळूऐवजी प्रवाळांचे खडबडीत तुकडे पसरलेले आहेत. त्यांवरून अनवाणी चालणे तरुणांनाही जड जाते, मग गुडघे दुखणाऱ्यांचे विचारायलाच नको.

दुसरा प्रकार म्हणजे बाहेरच्या रीफवर नांगरलेले मोठे तरंगते फलाट. तेथे पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. फलाटावर छप्पर, बाके, जेवणाची सोय आणि पाण्याखालून प्रवाळ दाखवणारी काचेच्या खिडक्यांची बोट असते, म्हणजे पाण्याचा थेंबही अंगावर न घेता आईंना मोरे रीफ किंवा नॉर्मन रीफसारख्या ठिकाणचे प्रवाळ पाहता येतील. मुलीसाठी लहान मापाचे मुखवटे आणि तरंगायची साधने मिळतात. उतरायच्या जागी पाण्यात बुडालेला जाळीचा चौथरा असतो, त्यावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मूल नुसता चेहरा बुडवून मासे पाहू शकते. तिसरा प्रकार लहान बोटींचा. त्या दोन-तीन ठिकाणी थांबतात आणि शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरवतात. प्रवाळ उत्तम दिसतात, परंतु आपल्या कुटुंबाला त्या उपयोगाच्या नाहीत.

माझा सल्ला असा की, वारा कमी असेल तर फलाटाची फेरी घ्यावी आणि आदल्या दिवशीच्या हवामान अंदाजात वारा ताशी वीस सागरी मैलांच्या वर सांगितला असेल तर सरळ ग्रीन आयलंड गाठावे. बोट लागण्याचा त्रास कोणालाही होऊ शकतो. त्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, ती निघण्यापूर्वी घ्यावी लागते. मात्र आईंची रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असल्यास येथील डॉक्टरांना विचारूनच ती द्यावी. बोटीत मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर, मध्यभागी बसावे, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून आरोग्याची माहिती लिहून घेतली जाते. हृदयविकार, दमा किंवा फिट्सचा त्रास असेल तर संकोच न करता लिहावे, अशा व्यक्तींना तरंगायचे साधन देऊन त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवतात.

प्रश्न : मुलांना समुद्रात डुंबायचे आहे. मगरी आणि जेलीफिश यांची भीती वाढवून सांगितली जाते का? (डोंबिवली)

उत्तर : वाढवून सांगितली जात नाही. पहिली आश्चर्याची गोष्ट म्हणजे केर्न्स शहराला पोहण्याजोगा किनाराच नाही. ओहोटी लागली की शहरासमोर लांबवर चिखल उघडा पडतो, त्यावर पाणपक्षी चरताना दिसतात आणि खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असल्याच्या पाट्या काठावर लावलेल्या आहेत. म्हणूनच महापालिकेने एस्प्लनेड या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर खाऱ्या पाण्याचा प्रशस्त तलाव बांधून 2003 मध्ये खुला केला. एका बाजूने उतरत जाणारी वाळू, उथळ पाणी, जीवरक्षक आणि प्रवेश विनामूल्य, यामुळे लहान मुलांसाठी याहून चांगली जागा नाही.

खऱ्या समुद्रासाठी उत्तरेला ट्रिनिटी बीच किंवा पाम कोव्ह येथे जावे. जेलीफिशच्या हंगामात तेथे जाळी लावून पोहण्याची जागा आखलेली असते. मोठी बॉक्स जेलीफिश जाळीने अडते, परंतु नखाएवढी इरुकांजी तिच्यातूनही आत येऊ शकते, म्हणून त्या काळात अंगभर घट्ट बसणारा पातळ सूट घालणेच शहाणपणाचे असते. तो बोटींवर आणि दुकानांत भाड्याने मिळतो. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली दिसेल. दंश झाल्यास त्या जागी गोडे पाणी न लावता किमान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतत राहायचे, चोळायचे नाही आणि 000 या क्रमांकावर फोन करायचा. मगरींबाबत नियम एकच आहे : नदीमुख, खाडी आणि खारफुटीच्या काठाला उभेही राहू नये, मग पाणी कितीही शांत दिसो.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. सांगलीहून आईवडील थेट केर्न्सला येऊन आम्हाला भेटणार आहेत. ते दिवाळीचा फराळ आणि मसाले आणण्याचा आग्रह धरतात. तसेच ते पूर्ण शाकाहारी आहेत.

उत्तर : आग्रह मोडून काढावा लागेल, निदान अर्धा. पेढे, बर्फी, खव्याचे कोणतेही पदार्थ, ताजा कढीपत्ता, लिंबे, फळे आणि पेरण्याजोगे बी आणू नये. भारतात गुरांचा लाळखुरकत रोग असल्याने दुग्धजन्य पदार्थांकडे तेथील अधिकारी विशेष कठोरपणे पाहतात. कारखान्यात बंद केलेली, घटक छापलेली पाकिटे आणि दळलेले मसाले यांत सहसा अडचण येत नाही. जे काही खाण्याचे असेल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'हो' अशी खूण करून जाहीर करावे. जाहीर केलेला पदार्थ नाकारला गेला तर तो फक्त काढून घेतात. लपवलेला सापडला तर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. वडीलधाऱ्यांना ही खूण करताना अपराधी वाटते, म्हणून त्यांना फोनवर आधीच समजावून सांगा.

जेवणाचे म्हणाल तर स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट घ्या. शहरातील रस्टीज मार्केट शुक्रवार ते रविवार भरते आणि तेथे फणस, पपई, शहाळी, हिरव्या मिरच्या आणि हंगामात आंबेही मिळतात. त्यांची चव हापूसची नव्हे, हे आईंना सांगून ठेवावे. बोटीवरच्या जेवणात कोळंबी आणि थंड मांसाचे थाळे मांडलेले असतात, त्यामुळे शाकाहाराची सूचना तिकीट काढतानाच लेखी द्या. रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरे रात्री नऊच्या आत बंद होऊ लागतात.

व्हिसासाठी आईवडिलांचे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतील. वय 75 च्या पुढे असल्यास वैद्यकीय तपासणी मागितली जाते, त्यामुळे दोन-तीन महिने हाताशी ठेवून अर्ज करावा.

प्रश्न : भाड्याने गाडी घेऊन कुरांडा आणि आसपासचा भाग पाहायचा आहे. मुले तीन आणि सहा वर्षांची आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : कुरांडा या डोंगरावरच्या गावासाठी गाडी नको. हर्बर्टनच्या कथील खाणींना रसद पोहोचवण्यासाठी डोंगर फोडून काढलेला रेल्वेमार्ग 1891 मध्ये कुरांड्यापर्यंत आला. हाताने खोदलेले पंधरा बोगदे आणि दरीकाठचे पूल पाहताना आपल्याला खंडाळ्याचा घाट आठवेल. सकाळी रेल्वेने वर जावे आणि परतताना साडेसात किलोमीटरच्या स्कायरेल या पाळणागाडीने जंगलाच्या माथ्यावरून खाली यावे. पाळणागाडी मधल्या दोन थांब्यांवर उतरू देते, त्या दोन्ही ठिकाणी उतरा.

गाडी घ्यावी ती ॲथर्टनच्या पठारासाठी. वाहन आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालते आणि इंग्रजीतील वैध भारतीय परवाना पर्यटकाला चालतो. क्वीन्सलँडमध्ये सात वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी वयानुरूप मान्यताप्राप्त आसन सक्तीचे आहे, तेव्हा दोन्ही आसने आरक्षणातच मागा आणि गाडी ताब्यात घेताना ती घट्ट बसवली आहेत का ते स्वतः हलवून पाहा. चालवताना फोन हातात घेतल्यास किंवा पट्टा नीट नसल्यास कॅमेरे टिपतात आणि दंड हजार डॉलरच्या वर जातो. पठारावर जायला गिलीज रेंजचा रस्ता नकाशात जवळचा दिसतो, पण त्यावर 263 वळणे आहेत. मुलांना गाडी लागत असेल तर कुरांडा-मारीबावरून जावे. युंगाबुरा गावाजवळचा पडद्यासारख्या पारंब्यांचा महाकाय वृक्ष, ज्वालामुखीच्या विवरातले ईचम सरोवर आणि मिला मिला धबधबा एवढे एका दिवसाला भरपूर आहे.

उत्तरेकडील डेनट्री वर्षावन आणि केप ट्रिब्युलेशनसाठी वेगळा पूर्ण दिवस लागेल. वाटेतल्या डेनट्री नदीवर पूल नाही, गाडी तारेने ओढल्या जाणाऱ्या फेरीबोटीवर चढवावी लागते आणि पलीकडे मोबाइलला रेंज जवळपास नसते. केप ट्रिब्युलेशनच्या पुढचा कच्चा रस्ता साध्या भाड्याच्या गाडीसाठी नाही. वाटेत कॅसोवरी हा माणसाएवढा पक्षी रस्त्यावर दिसलाच तर गाडीतच बसून राहावे, मुलांना खाली उतरू देऊ नये आणि त्याला काहीही खायला घालू नये. परतीची फेरीबोट दुपारी चारच्या सुमारास गाठावी, कारण संध्याकाळी वॉलबी हे कांगारूसारखे लहान प्राणी रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात अंधार पडल्यावरच्या धडकेबाबत अनेकदा वेगळ्या अटी असतात. करारपत्रातील ते कलम गाडी घेण्यापूर्वीच वाचून घ्यावे.