पिवळा रंग आणि बाटलीचा तुकडा

अनेक आशीर्वाद.

पत्र आणि प्लेटचे फोटो मिळाले. तिसऱ्या फेरीतला म्युटंट, म्हणजे बदल केलेलं एन्झाइम, मूळ एन्झाइमच्या नऊपट वेगानं चालतो, असं लिहिलंस. मेहनत दिसतेच आहे. पण हा वेग मोजलास तो पी-नायट्रोफिनाइल एस्टरवर, जो तुटला की पिवळा रंग सुटतो; आणि तुला तोडायचंय ते पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक.

माझी दीड वर्षं या पिवळ्या रंगात गेली. ९६ वेल्सची (छोट्या खळग्यांची) प्लेट दर फेरीला जास्त गडद व्हायची. शेवटी पाण्याच्या बाटलीचा तुकडा त्यात आठवडाभर ठेवला, धुऊन वाळवून तोलला. वजन होतं तेवढंच. तो छोटा एस्टर पाण्यात विरघळून आपणहून एन्झाइमच्या खाचेत शिरतो. पेट घन असतं, आणि बाटली फुगवताना त्याच्या साखळ्या ताणून शिस्तीत बसतात. तिथं एन्झाइमला दात रोवायला जागाच मिळत नाही. जपानमधल्या ज्या जीवाणूचा २०१६ साली एवढा गाजावाजा झाला, त्या इडिओनेला साकाइएन्सिसनं ३० अंशांवर सहा आठवड्यांत फिल्म संपवली खरी, पण त्या फिल्मची स्फटिकता, म्हणजे शिस्तीत बसलेल्या साखळ्यांचं प्रमाण, जेमतेम १.९ टक्के होती.

तुलूझच्या गटाचा २०२० चा पेपर पुन्हा वाच. पानांच्या कंपोस्टमधून मिळालेलं क्युटिनेज, म्हणजे पानांवरचं मेणचट आवरण तोडणारं एन्झाइम, त्यांनी घेतलं. पेटच्या साखळ्या सत्तर अंशांच्या आसपास सैलावतात, म्हणून एन्झाइम ७२ अंशांवर टिकायलाच हवं, हे आधी ठरवलं. कॅल्शियम जिथं बसायचं तिथं दोन सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) घालून त्यांच्यातल्या डायसल्फाइड बंधानं सांधा पक्का केला. १० तासांत ९० टक्के पेट सुटं झालं. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की बाटल्यांचा कचरा त्यांनी आधी वितळवून, बारीक दळून स्फटिकता उतरवून घेतली होती. एन्झाइमइतकीच मेहनत प्लास्टिकवर.

तेव्हा पिवळा रंग फक्त पहिल्या चाळणीला ठेव. वरचे तीसेक म्युटंट पेटच्या भुकटीवर चालव आणि त्यातून सुटलेला पेटचा घटक, टेरेफ्थॅलिक आम्ल, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोज. वेळ लागेल, लागू दे. आम्लानं पीएच उतरतो, त्यावर लक्ष असू दे.

आणि तुकडा बाटलीच्या पोटाचा काप, मानेचा नको. मानेपाशी प्लास्टिक ताणलं गेलेलं नसतं, तिथं आकडे उगाच चांगले येतात. आले की कळव, वाईट असले तरी.