विद्यापीठाच्या चित्रसंग्रहालयात आपल्याला घेतात का?

(आमच्या स्तंभलेखिका निवृत्त चित्रकला शिक्षिका आहेत. यजमानांच्या नोकरीमुळे बरीच वर्षं अमेरिकेत न्यू हेवनला राहून आता त्या पुण्यात परतल्या आहेत. या वेळचे बहुतेक प्रश्न तिथल्या येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयांबद्दल आले आहेत.)

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी कनेक्टिकटला जाते आहे. जावई म्हणतात, अर्ध्या तासावर येल विद्यापीठाचं मोठं चित्रसंग्रहालय आहे, जाऊन या. पण माझं इंग्रजी यथातथाच, विद्यापीठाशी काही संबंध नाही. दारात कार्ड मागितलं तर? शिवाय चित्रातलं मला काही कळत नाही. — एक वाचक, मिरज

ताई, कार्ड कोणी मागत नाही आणि तिकीटही नाही. चॅपल स्ट्रीटवर समोरासमोर दोन संग्रहालयं आहेत, येल युनिव्हर्सिटी आर्ट गॅलरी आणि येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट. दोन्ही सगळ्यांना फुकट. सोमवारी मात्र बंद. आपल्याकडचे पाहुणे नेमके सोमवारी निघतात, कारण शनिवार-रविवार जावयाच्या मित्रांकडे जेवणात गेलेला असतो. निघण्यापूर्वी लेकीला वेळा बघायला सांगा.

पाठीवरची सॅक काढून ठेवायला सांगतील, त्यात अपमान वाटून घेऊ नका. वही न्या, पेन्सिल न्या. पेन चालत नाही. दमलात तर बाकावर बसा, चित्रासमोर बसून राहणाऱ्याला तिथे कोणी उठवत नाही. इमारतीही बघा. अहमदाबादच्या आयआयएमची विटांची इमारत ज्यांची, त्या लुई कान यांचंच हे काम. १९५३ ची गॅलरी हे त्यांचं पहिलं मोठं काम. समोरचं सेंटर १९७७ मध्ये उघडलं, तेव्हा कान जाऊन तीन वर्षं झाली होती. अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवरच ते गेले.

आता ‘काही कळत नाही’बद्दल. गॅलरीत विद्यार्थी फिरवून दाखवतात, त्या फेरीत जरूर सामील व्हा. ही मुलं माहितीचं पाठांतर म्हणून दाखवत नाहीत. चित्रापुढे उभं करतात आणि विचारतात, तुम्हाला काय दिसतंय? आपल्या लोकांची इथे पंचाईत होते. आपण वही उघडून टिपणं घ्यायला आलेलो असतो आणि समोरची पोर आपल्यालाच विचारते! मी एकदा कोल्हापूरच्या एका काकूंना घेऊन गेले होते. व्हॅन गॉगचं १८८८ मधलं रात्रीच्या कॅफेचं चित्र तिथे आहे. लालभडक भिंती, हिरवं छत, मध्ये बिलियर्डचं टेबल. काकू बराच वेळ गप्प होत्या, मग मराठीतच म्हणाल्या, “सव्वाबारा वाजलेत बघ घड्याळात, आणि एकालाही घरी जायचं नाहीये.” मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या मुलीने पुढची सगळी चर्चा त्या वाक्यावर नेली. काकूंना व्हॅन गॉगचं नाव नीट घेता येत नव्हतं, त्याने कुणाचं काही अडलं नाही.

प्रश्न : विद्यापीठाने प्रयोगशाळा काढावी, इस्पितळ काढावं, हे समजतं. चित्रांवर एवढा खर्च कशाला? माझा मुलगा विज्ञानाचा विद्यार्थी आहे, त्याला याचा काय उपयोग? — एक पालक, नाशिक

येलमध्ये हा प्रश्न डॉक्टरांनीच निकालात काढलाय. इर्विन ब्रेव्हरमन नावाचे तिथले त्वचारोगतज्ज्ञ. मुलं रुग्णाकडे नीट बघतच नाहीत, ही त्यांची तक्रार. ब्रिटिश आर्ट सेंटरच्या लिंडा फ्रीडलँडर यांच्याबरोबर त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक तास बसवला. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एकेका चित्रासमोर उभं करायचं आणि दिसतं ते सांगायला लावायचं. “ती दुःखी आहे” म्हटलेलं चालत नाही. कशावरून? खांदे कसे आहेत, हात कुठे आहेत, उजेड कुठून येतोय? आधी दिसतं ते, निष्कर्ष मागाहून. अशा सरावाने मुलांचं निरीक्षण सुधारलं, हा अभ्यास २००१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नंतर इतरही वैद्यकीय महाविद्यालयांनी हा प्रकार उचलला.

तेव्हा चिरंजीवांना चित्रं बघायला जाऊ द्या.

प्रश्न : पेशवाईत पुण्याच्या चित्रकाराने काढलेली चित्रं येलच्या कपाटात पडून आहेत असं वाचलं. ही लूटच नाही का? आणि सामान्य माणसाला ती बघायला तरी मिळतात का? — एक संतप्त पुणेकर

चित्रकाराचं नाव गंगाराम चिंतामण तांबट. पेशवे दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे प्रतिनिधी, होता चार्ल्स मॅलेट, गंगाराम त्याच्यासाठी काम करायचा. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, तिथला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला. पर्वतीचं दृश्य आहे, वेरूळची लेणी आहेत. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आला आणि सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथेही गंगाराम होता. पण वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये. ‘वेल्ससाहेबाने शिकवलं म्हणून गंगारामला चित्रं काढता आली’ म्हणणाऱ्यांनी गेंड्याची तारीख बघावी.

लूट म्हणाल, तर मॅलेटने ती चित्रं काढवून घेतली होती, वाड्यातून उचलून नेली नव्हती. पॉल मेलन या धनिकाने ब्रिटिश कलेचा आपला प्रचंड संग्रह येलला दिला, ब्रिटिश आर्ट सेंटरमधल्या त्याच्याच नावाच्या संग्रहात ती आज आहेत. मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्याकडच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराने १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या चोवीस चित्रांचं पुस्तक छापलं. मुखपृष्ठावर वेल्स आहे, डॅनिएल आहे. लेण्यांत बसून मापं-आकार उतरवणारा आमचा पुणेकर कुठे आहे? चित्रं कपाटात गेली याहून हे जास्त लागतं.

ते नाव वर आलं ते विद्यापीठाच्या संग्रहालयामुळेच, हेही कबूल करायला हवं. २०११ मध्ये ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या काळातल्या चित्रांचं आणि कागदपत्रांचं एक प्रदर्शन भरलं. ते मांडलं होतं हॉली शॅफर यांनी, आणि त्या तेव्हा येलमध्ये पीएचडी करत होत्या. मोठ्या शहरातल्या नामांकित संग्रहालयात विद्यार्थिनीच्या हाती दालनं सोपवणं सहसा होत नाही, तिथे गर्दी खेचणारी नावं लागतात. विद्यापीठाला मात्र कुणाच्या प्रबंधातला गंगाराम पुरतो. अशा प्रदर्शनाबरोबर व्याख्यानं होतात, शेवटी प्रश्नांना वेळ ठेवतात. त्या व्याख्यानांना गावातली म्हातारी मंडळीच पुढच्या रांगेत असतात आणि प्राध्यापकांना भंडावून सोडतात. मला ते फार आवडायचं.

‘पडून आहेत’ म्हणू नका. कागदावरचे रंग उजेडाने उडतात, म्हणून अशी चित्रं कायम टांगत नाहीत. बघायची असतील तर सेंटरच्या अभ्यासखोलीत आधी वेळ ठरवून जायचं. कोणीही जाऊ शकतं, प्राध्यापक असण्याची अट नाही. पिशवी बाहेर, हात स्वच्छ, मग पेटी उघडून चित्र तुमच्यापुढे टेबलावर ठेवतात. विमानाचं तिकीट परवडत नसेल तर सेंटरच्या संकेतस्थळावर त्याचं नाव इंग्रजीत टाका. चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. २०११ पासून येलने हे खुलं केलं आहे. आपल्याकडच्या किती शाळांच्या भिंतीवर तो गेंडा लागलाय? छपाईला फार पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी कलेच्या इतिहासात एम.ए. करतेय. आपल्याकडे विद्यापीठांची अशी संग्रहालयं आहेत का? मागितलं तर दाखवतात का? — एक विद्यार्थिनी, नागपूर

आहेत गं. पहिलं बनारसचं भारत कला भवन. राय कृष्णदासांनी १९२० मध्ये सुरू केलं, १९५० पासून ते हिंदू विद्यापीठाकडे आहे. लघुचित्रं, बनारसी वस्त्रं, शिल्पं. नागपूरहून रात्रीची गाडी पकड आणि दोन-तीन दिवस काढून जा. पुण्यात डेक्कन कॉलेज आता अभिमत विद्यापीठ आहे, तिथे पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे आणि मराठ्यांच्या इतिहासाचं वेगळं. मुलांचं ताजं काम बघायचं असेल तर बडोद्याला सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा गाठ.

दाखवतात का? पत्रावर अवलंबून. “आपला संग्रह पाहावयाचा आहे, सहकार्य व्हावे” अशा पत्राचं कोणी काही करू शकत नाही. कोणती वस्तू, तिचा नोंदणी क्रमांक कुठल्या कॅटलॉगमध्ये सापडला, कशासाठी हवी, हे चार ओळींत लिही. एका भेटीला पाच-सहाच वस्तू माग. विभागप्रमुखांची सही घे आणि महिनाभर आधी पाठव. उत्तर आलं नाही तर फोन कर, आणि जेवणाच्या सुट्टीत करू नकोस.