तोंड कुठे आहे ते कळलं की झालं

अगं,

काल तू पाठवलेला कार्टचा स्क्रीनशॉट रात्री जेवण झाल्यावर परत उघडून बघितला. २४० डॉलर! आणि बॅटलटेकची, म्हणजे त्या लढाऊ यंत्रांच्या पटावरच्या खेळाची, एकही गेम अजून खेळलेली नाहीस. तू विचारलंस, काका, धातूचे मेक, म्हणजे त्या यंत्रांच्या सोंगट्या, घेऊ की प्लास्टिकचे की कुणाकडून प्रिंट करून घेऊ, आणि तुझा आवाज असा होता की जणू हे ठरल्याशिवाय खेळताच येणार नाही. त्या आवाजामुळेच लिहितोय.

या खेळाला सोंगटीकडून दोनच गोष्टी लागतात, मेक नकाशावरच्या कुठल्या हेक्समध्ये, म्हणजे षटकोनी घरात, उभा आहे आणि त्याचं तोंड कुठे आहे. समोरचा दिसतो का ते हेक्सच्या मध्यापासून मध्यापर्यंत रेघ धरून बघतात आणि मेकची उंची नियमातच दोन लेव्हल ठरलेली आहे, मग तुझी सोंगटी उभी असो नाहीतर चपटी, काय फरक पडतो. पण तोंड चुकलं की पाठीचं पातळ चिलखत उघडं पडतं आणि अख्खी गेम हातची जाते. म्हणून म्हणतो, तोंड कुठे आहे ते कळलं की झालं. या खेळाच्या १९८५ च्या डब्यातसुद्धा मेक पुठ्ठ्याचेच होते आणि लोक रात्र रात्र खेळले.

मी इथे ओहायोत आलो तेव्हा ऑफिसातला एक जण दर शुक्रवारी बोलवायचा. मी म्हणायचो, लान्स, म्हणजे चार मेकची तुकडी, पूर्ण होऊ दे, चारही रंगवून झाले की येतो. सिनसिनाटीला आयर्न विंड मेटल्स अजूनही हे मेक धातूत ओततात, त्यांचे एकेक करून घेत गेलो, ॲटलस नावाच्या मेकचा हात चिकटवताना बोटं चिकटायची, मग रंग, मग बेस, दोन वर्षं गेली. तो ॲरिझोनाला निघून गेला. आम्ही एकदाही खेळलो नाही. आता पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही हां, त्या काळात घरी वाट बघणारं कुणी नव्हतं आणि संध्याकाळी हाताला काम हवं होतं, ते त्या ॲटलसने दिलं. तो अजून टेबलावर आहे आणि तिथेच राहील. पण शुक्रवार गेले ते गेलेच.

तर आता चार निकेल, ती पाच सेंटची नाणी, घे, प्रत्येकाच्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका लाव, ते झालं तोंड. नाणं हेक्समध्ये आरामात बसतं. क्विक-स्टार्टचे, म्हणजे नवशिक्यांसाठीचे थोडक्यात नियम फुकट डाउनलोड होतात, तेवढे पुरेत. पाच-सहा गेम खेळ आणि तरीही हात शिवशिवला तर ‘अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट’चा एकच डबा घे, ६०-७० डॉलरला आठ प्लास्टिकचे मेक, वर नकाशे, फासे, नियम सगळं त्यातच. सुटे लान्स पॅक २५-३० ला चार पडतात, ते कुठला मेक आपल्या हाताला बसतो ते कळल्यावर. लोकस्ट २० टनाचा आणि ॲटलस १०० टनाचा, चालवायला दोन वेगळेच प्राणी आहेत ते, फोटो बघून नाही कळत! प्रिंटचं म्हणशील तर बऱ्याच पब्लिक लायब्ररीत थ्रीडी प्रिंटर असतो, फाइल बनवणाऱ्याची परवानगी बघ आणि दुकानातल्या गेमला जाणार असशील तर आधी विचारून घे, चालतं की नाही. कुणी वापरलेल्या मेकचे जुने लॉट स्वस्त मिळतात पण फोटोत हातपाय मोजून घे.

आणि रंग येत नाही, लोक काय म्हणतील, हे परत माझ्याशी बोलू नकोस. समोर बसलेल्या माणसाला तोंड कुठे आहे ते कळलं की झालं, किती वेळा सांगू.

शनिवारी चारला घरी ये. नकाशा माझ्याकडे आहे, काकू पोहे करणार आहे. नेलपॉलिश लाल आण, निळा ठिपका माझा.

काका