अनोळखी ग्रेडिंग संस्थेचा स्लॅब: फोडण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि आधी एवढंच सांगतो: स्लॅब (ग्रेडिंग संस्थेने नाणं तपासून ज्यात सील केलेलं असतं ते प्लास्टिकचं आवरण) फोडू नका. १८९३-एस मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं चांदीचं नाणं, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टाकसाळ), लेबलवर एमएस-६१ हा ग्रेड, संस्थेचं नाव कोणी फारसं ऐकलेलं नाही, विकणारा म्हणतो ‘पीसीजीएसच्या तोडीचंच ग्रेडिंग आहे’ (पीसीजीएस ही नावाजलेली मोठी ग्रेडिंग संस्था), आणि तुम्ही विचारताय की प्लास्टिक कापून नाणं काट्यावर ठेवावं का. नेमकं इथेच बहुतेकांचं सर्वांत मोठं नुकसान होतं. नाणं खोटं निघाल्यामुळे होतं त्याहूनही मोठं.

ग्रेड म्हणजे १ ते ७० च्या मोजपट्टीवर ठरवलेला नाण्याचा दर्जा; एमएस-६० ते ७० म्हणजे चलनात न झिजलेलं नाणं.

छोट्या संस्थेची पारख लेबलवरच्या आकड्यावरून होत नाही. ग्रेड चुकीचा निघाला तर पैसे कोण, कोणाला आणि किती देणार, यावरून होते. म्हणजे हमीची कलमं वाचायची. अर्ध्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात, आणि लोक नेमकं तेच पान सोडून देतात. त्यात चार गोष्टी शोधा.

पहिली, हमी कोणाला आहे? ती फक्त नाणं ग्रेडिंगसाठी मूळ सादर करणाऱ्यालाच असेल, तर तुम्ही दुसऱ्या हाताचे खरेदीदार, तुमचा हक्क शून्य. दुसरी, भरपाई कशाची? नाण्याच्या आजच्या बाजारभावाची, सादर करताना लिहून दिलेल्या किमतीची, की फक्त ग्रेडिंग फीची? ‘पूर्ण परतावा’ असं ठळक अक्षरात लिहून खाली फक्त फी परत करण्याची अट घालणं हा जुना खेळ आहे. तिसरी, काय वगळलंय? तांब्याच्या नाण्याचा बदलणारा रंग आणि लेबलवरची टंकलेखनाची चूक मोठ्या संस्थाही वगळतात, ते रास्त आहे. पण ‘ग्रेड हे केवळ आमचं मत असून त्याबद्दल कोणतीही जबाबदारी नाही’ असं वाक्य असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महागात पडते: नाणं त्यांच्याच होल्डरमध्ये (म्हणजे स्लॅबमध्ये), न उघडलेल्या अवस्थेत परत आलं पाहिजे. ही अट जवळपास सगळीकडे असते आणि तत्त्वतः ती चूकही नाही, कारण नाहीतर कोणीही खरं नाणं काढून खोटं पाठवेल. होतं असं की माणसाला शंका येते, तो स्लॅब फोडतो, वजन करतो. मॉर्गनचं वजन २६.७३ ग्रॅम हवं, काट्यावर दिसतात २५ च्या आसपास. पुरावा मिळाला म्हणून तो आनंदाने संस्थेला लिहितो. तिकडून दोन ओळींचं उत्तर येतं: ‘हेच नाणं आम्ही सील केलं होतं याची खात्री करता येत नाही.’ विकणाराही तेच म्हणतो. पैसे दिलेल्या माध्यमाकडे तक्रार केली तर तेही विचारतात, वस्तू मूळ स्थितीत आहे का? एका फटक्यात तिन्ही दारं बंद. अशीच एक संस्था आहे (नाव घेत नाही), तिथून प्रत्येक मेलला हेच छापील वाक्य येतं. मध्ये महिनाभर काहीच येत नाही, आणि तेवढ्यात विक्रेत्याची परताव्याची मुदत उलटून जाते. पाठवणाऱ्याचं नाव नाही, सही नाही. असल्या ‘ग्राहक सेवे’बद्दल जास्त लिहिलं तर भाषा घसरेल.

प्लास्टिक न फोडता काय तपासता येतं, ते बघू. टाकसाळीत पाडलेल्या १८९३-एस नाण्यांची संख्या फक्त १,००,०००. म्हणूनच १८९३ च्या फिलाडेल्फिया टाकसाळीच्या (अक्षर नसलेल्या) नाण्यावर एस चिकटवलेले किंवा १८९८-एस चा शेवटचा आठ खरवडून तीन केलेले नमुने फिरतात. चांदी खरी, वजन बरोबर, त्यामुळे काट्याने अशी बनावट पकडलीच जात नाही. म्हणजे तुम्ही फोडणार ते बऱ्याचदा वायाच. सगळ्या खऱ्या १८९३-एस ची दर्शनी बाजू एकाच साच्यातून आली आहे, आणि त्यावर लिबर्टी शब्दातल्या टी अक्षराच्या वरच्या भागात एक बारीक, उठावदार तिरपी रेघ असते. दहा पट भिंगातून बघा. झिजलेल्या नाण्यात ती पुसट होते. एमएस-६१ म्हणवणाऱ्या नाण्यात ती नसेल, तर गंभीर प्रश्न आहे. एस अक्षराच्या बुडाशी जोडाची रेघ, किंवा आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी चमक दिसते का तेही बघा.

ग्रेड फुगवलाय का, हे एका दिव्याखाली कळतं. खोलीतले बाकी दिवे बंद करा, एकच उघडा बल्ब ठेवा आणि स्लॅब हळूहळू कलता करा. चमकेचा पट्टा चाकासारखा फिरला पाहिजे. गाल, कानावरचे केस, मागे गरुडाची छाती, या उंच जागांवर तो तुटतो का बघा. सपाट दिसलं म्हणजे झीजच असं नाही. न्यू ऑर्लिन्स टाकसाळीच्या नाण्यांत कानावरचे केस बऱ्याचदा मूळ ठशातच कच्चे असतात. कच्च्या ठशावर चमक टिकते, झिजेवर ती करडी पडते. स्वच्छ केलेल्या नाण्यावर एका दिशेने जाणारे केसासारखे ओरखडे दिसतात. प्लास्टिकवरचे ओरखडे फसवतात, म्हणून नजर थोडी बाजूला सरकवा. चित्राच्या तुलनेत ओरखडा सरकला तर तो प्लास्टिकवर, जागीच राहिला तर नाण्यावर.

धातूची विद्युतरोधकता मोजणारी उपकरणं प्लास्टिकमधूनही वाचतात. मित्राकडे असेल तर वापरा, पण वर म्हटलं तसं, एस चिकटवलेलं खरं चांदीचं नाणं तिथे पास होईल.

आता संस्थेबद्दल. छोटी म्हणजे वाईट, असं मी म्हणणार नाही. सीएसी (इतरांच्या स्लॅबमधली नाणी पारखून त्यावर पसंतीचा स्टिकर लावणारी संस्था) २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा तीही नवीनच होती. पण तिच्यामागे जॉन अल्बानीज होते, पीसीजीएसच्या संस्थापकांपैकी एक आणि १९८७ मध्ये एनजीसी ही दुसरी मोठी ग्रेडिंग संस्था सुरू करणारे. म्हणजे पारखणाऱ्याचा इतिहास लोकांसमोर होता. तुमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर ग्रेडरची नावं आहेत का? एकाच नाण्याकडे एकाहून जास्त लोक बघतात का? मालक स्वतः त्याच स्लॅबमधली नाणी विकतो का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर माझ्यापुरता विषय संपला. इतरांचं मत वेगळं असू शकतं. संघटनेचं सदस्यत्व दाखवणाऱ्या बोधचिन्हांना मात्र ग्रेडिंगच्या बाबतीत काही अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी फी भरली की सदस्यत्व मिळतं.

एक चाचणी मला सगळ्यांत जास्त पटते. लिलावांच्या जुन्या निकालांत त्या संस्थेची ‘स्वच्छ केलेलं’, ‘दुरुस्त’, ‘कृत्रिम टोनिंग’ (मुद्दाम आणलेली रंगछटा) अशा शेऱ्याची नाणी शोधा. खरी संस्था सदोष नाण्यांना आकडी ग्रेडऐवजी असा शेरा देते, आणि सादर करणाऱ्याची नाराजी ओढवून घेते. जिच्याकडे असं एकही नाणं सापडत नाही, सगळीच एमएस-६५ च्या वर, ती संस्था ग्राहक गमवायला तयार नाही एवढाच त्याचा अर्थ. त्याच निकालांत त्यांच्या स्लॅबमधलं एमएस-६४ कोणत्या ग्रेडच्या भावात गेलं ते बघा. ते सातत्याने एमएस-६१ किंवा ६२ च्या भावात जात असेल, तर बाजाराने आकडा आधीच दुरुस्त केलाय.

अचूकतेची अपेक्षा मात्र कोणाकडूनच जास्त ठेवू नका. २००३ साली कॉइन वर्ल्ड या नाण्यांवरच्या नियतकालिकाने तीच नाणी वेगवेगळ्या संस्थांकडे पाठवून पाहिली होती, तेव्हा ग्रेड जुळले नव्हते. एका गुणाचा फरक हा मतभेद, चार गुणांचा फरक हा धंदा.

लेबलवरचा क्यूआर स्कॅन करून ‘नोंद सापडली’ यावर विसंबू नका. बनावट लेबलचा क्यूआर बनावट पानावरच नेतो. पत्ता स्वतः टाइप करा, क्रमांक भरा आणि नोंदीत नाण्याचा फोटो आहे का बघा. फोटो नसेल तर नोंद फक्त इतकंच सांगते की असा एक क्रमांक अस्तित्वात आहे. फोटो असेल तर गालावरच्या खुणा एकेक जुळवा.

तुमच्या प्रकरणात आजच करायचं ते असं. परताव्याची मुदत बाकी असेल तर आधी विक्रेत्याला लिहा, संस्थेला नाही. संस्थेच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका. मुदत संपली असेल तर मोठ्या संस्थेकडे ‘क्रॉसओव्हर’साठी (दुसऱ्या संस्थेच्या स्लॅबमधलं नाणं पारखून स्वतःच्या स्लॅबमध्ये घेण्यासाठी) पाठवा आणि किमान ग्रेडच्या रकान्यात एमएस-६१ लिहा. ते होल्डरमधूनच बघतात, पटलं नाही तर न उघडता परत करतात, त्यामुळे जुनी हमी शाबूत राहते. फी मात्र जाते. काही संस्था ठरावीक कंपन्यांचेच होल्डर घेतात, म्हणून आधी विचारा. मी वकील नाही आणि अटी बदलत असतात, तेव्हा हमीचं पान आजच्या तारखेसह जतन करून ठेवा.

पाठवण्याआधी स्लॅबच्या दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो काढा, कडांवरची सीलची रेघ स्पष्ट दिसेल असे. कडेला आधीच तडा किंवा उचकटल्याची खूण असेल तर ती नोंदवा, नाहीतर परत आल्यावर ती तुमच्याच नावावर चढते. आणि स्लॅबला थेट चिकटपट्टी लावू नका. ती काढताना राहिलेला चिकटा पुसायला लोक ॲसिटोन घेतात आणि प्लास्टिक कायमचं धुरकट करून बसतात.