सिनेमा, टीव्ही, मोबाईल यांचा समाजाच्या लैंगिक विचारांवर आणि वागण्यावर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्यात. माध्यमांमुळे लोकांचे लैंगिक विचार बदलतात का, आणि वागणं बदलतं का. विचार बदलतात, हे ठामपणे सांगते. वागणंही बदलतं, पण तेवढ्या एका कारणानं कधीच नाही. आमच्या मराठवाड्यात तर माध्यमांच्या आधी उसाचा फड, मुकादमाची उचल (ऊसतोडीसाठी आगाऊ दिलेले पैसे), हुंडा आणि घरातली बंद तोंडं रांगेत उभी असतात.

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक आहे. ‘मोबाईल आला आणि पोरं बिघडली’ हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकावं लागतं, म्हणून एका शाळेतल्या प्रश्नपेटीचं सविस्तर लिहिते.

प्रश्नपेटी म्हणजे मुलांनी नाव न लिहिता प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायचं चपलांचं खोकं. वरून फट पाडायची, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची. कागद आपण न्यायचे, कोऱ्या कागदाचे सारखे आठ तुकडे करून. लेकरांच्या वहीचा कागद घेतला की रेघांवरून आणि फाटलेल्या कडेवरून कुणाचा ते कळतं. मुलं आणि मुली वेगळ्या खोल्यांत, शिक्षक बाहेर. प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर पाठ असलेल्या कवितेच्या दोन ओळी. ही अट सोडली की चारच जण लिहितात, बाकीचे त्या चौघांकडे बघत बसतात, आणि पुढच्या वेळी तेही लिहीत नाहीत. उत्तरं त्याच दिवशी द्यायची नाहीत. दोन दिवस घ्यायचे, सारखे प्रश्न एकत्र करायचे आणि आपल्या शब्दांत वाचायचे, कारण हस्ताक्षरासारखी बोलीही ओळखू येते.

त्या शाळेत मोठ्या सरांनी हट्ट धरला की पेटी आधी त्यांच्या टेबलावर यावी. म्हणाले, “मॅडम, हे सगळं त्या मोबाईलमुळं आहे. मोबाईल बंद करा, प्रश्नच येणार नाहीत.” पेटी मी दिली नाही. हस्ताक्षर न दाखवता, मजकूर वाचून, त्यांच्यासमोर चिठ्ठ्या लावायला मात्र तयार झाले. तीन ढीग झाले.

पहिला ढीग पडद्यावरून आलेला. मुलांच्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता: पोरगी नाही म्हणते पण मनातून हो असतं, ते कसं ओळखायचं? हा प्रश्न सरळ सिनेमातून येतो. नायक गल्लीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत मागे मागे फिरतो, ती चिडते, गाणं होतं, मग ती हसते. असं शंभर वेळा बघितलेल्या पोराला नकार हा पहिला टप्पा वाटतो. गॅग्नन आणि सायमन या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलं होतं की लैंगिक वागणं माणूस नाटकातल्या भूमिकेसारखं शिकतो: सुरुवात कोण करणार, आढेवेढे कोण घेणार, कशानंतर काय होणार. इच्छा वयानं येते, तिचा क्रम मात्र बाहेरून शिकलेला असतो. माध्यमांचा खरा जोर याच जागी आहे. वर्गात मी एवढंच सांगते की नाही म्हणजे नाही, आणि नकारानंतरही मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पोरं खरोखर चकित होतात. तोवर हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसऱ्या ढिगानं सर गप्प झाले. स्वप्नदोषानं शरीर किती दिवसांत खंगतं? धात (म्हणजे वीर्य) गेल्यावर ताकद परत येते का? हे मोबाईलवरचं नाही, येष्टी स्टँडच्या मागच्या भिंतीवरचं आहे. ‘गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज’ असं निळ्या-लाल रंगात रंगवलेलं. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींतही तेच. प्रसारमाध्यम म्हटलं की लोक फक्त पडद्याकडे बोट दाखवतात, पण आमच्या भागात पुरुषांच्या लैंगिक वागण्यावर सगळ्यात जास्त खोल परिणाम या भिंतीनं केलाय. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती तशाच.

यातलं शास्त्र असं. झोपेत वीर्य जाणं हे वयात आल्याचं लक्षण आहे, त्याला ‘दोष’ हा शब्दच चुकीचा चिकटलाय. एका वेळी साधारण २ ते ५ मिलिलिटर जातं, आणि शुक्रजंतू रोज कोट्यवधींनी नव्यानं बनतात. रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब ही निव्वळ थाप आहे. या भीतीला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्यात थकवा आणि झोप उडणं खरं असतं, पण ते काळजीनं होतं. नुकसान पुढे होतं: पोरगा घरच्यांना न सांगता पुड्या आणतो, पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही धड माहीत नसतं, पैसे जातात. लघवीला जळजळ, जखम किंवा पू असेल तर मात्र तो वेगळा आजार आहे. त्यासाठी सरकारी दवाखान्यात यावं, तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत.

तिसऱ्या ढिगाकडे नंतर येते, आधी अभ्यासांचं बोलू. २००४ साली अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या १,७९२ मुलामुलींवर एक अभ्यास झाला. टीव्हीवर लैंगिक मजकूर सगळ्यात जास्त बघणाऱ्यांमध्ये वर्षभरात संबंध सुरू होण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. हा आकडा भाषणांत सर्रास वापरतात. २०११ साली दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती परत तपासली आणि मुळात सारख्या असलेल्या मुलांचीच तुलना केली, तेव्हा तो परिणाम टिकला नाही. ज्यांचा ओढा आधीच तिकडे असतो ती मुलं तसलं जास्त बघतात, हेही तितकंच खरं निघतं. ‘बघितलं म्हणून केलं’ असं छातीठोक सांगणाऱ्याला हे दोन्ही अभ्यास माहीत आहेत का, ते विचारा.

उलट बाजूही बघा. बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या गावांत केबल आल्यानंतर काय झालं याचा अभ्यास २००९ साली छापून आला. नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, बाळंतपणंही घटली. ब्राझीलमध्ये जिथे जिथे मालिकांचं प्रक्षेपण पोचलं तिथे जन्मदर उतरला, कारण त्या मालिकांमधली घरं लहान होती. उपदेश कुणीच केला नव्हता. म्हणजे माध्यमं बिघडवतातच असं नाही. जे रोज दिसतं ते माणसाला साधं वाटायला लागतं, मग ते चांगलं असो की वाईट.

आपल्या सरकारला हे कळत होतं. १९६८ साली निरोध आला तेव्हा १५ पैशांत तीन मिळायचे, आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता. त्याच देशात डिसेंबर २०१७ मध्ये सूचना निघाली की टीव्हीवर निरोधाच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात दाखवाव्यात. २००७ साली महाराष्ट्रानं शाळांमधलं लैंगिक शिक्षणही थांबवलं होतं. मला यावर राग आहे आणि तो मी लपवत नाही. दिवसभर नको ते सगळं दिसतं, आणि कामाची माहिती तेवढी रात्री दहानंतर. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला, आणि १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. माझ्या खोक्यातल्या चिठ्ठ्या त्याच प्रश्नांच्या आहेत.

काही गोष्टी वर राहिल्या. पोर्नचा परिणाम मी हलका करत नाहीये. नवीन लग्न झालेले पुरुष ‘मला जमत नाही’ म्हणून येतात, आणि विचारलं तर त्यांचं माप व्हिडिओवरून घेतलेलं असतं. पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलेल्या वेळेचा मध्य ५.४ मिनिटं आला होता, एवढं ऐकलं तरी कित्येकांचा अर्धा आजार बरा होतो. पण त्या व्हिडिओत बाईला विचारण्याचा, थांबण्याचा भागच नसतो, आणि ते बघून आलेल्या नवऱ्याची बायको माझ्याकडे वेगळी तक्रार घेऊन येते. लहान लेकरानं असलं काही बघितलं तर मारू नका. काय दिसलं ते शांतपणे विचारा, मोबाईल कुणी हातात दिला ते बघा. मोठ्या माणसानं मुद्दाम दाखवलं असेल तर तो पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) गुन्हा आहे, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

आणि मोबाईल काढून घेणं. मोठ्या सरांचा उपाय तोच होता, तुमच्याही मनात तो असेल. मुलाचा मोबाईल काढला तर तो मित्राचा बघतो. मुलीचा काढला तर तिचा बाहेरच्या जगाशी असलेला एकमेव धागा तुटतो, आणि आमच्याकडे काढला जातो तो मुलीचाच. मोबाईल सापडला म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून लग्न, ही साखळी मी अनेक घरांत बघितली आहे. घरात बोलायला सुरुवात करायची असेल तर मासिक पाळीपासून करा, आणि मुलांसमोर करा. उत्तर येत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा, पण सांगा.

आता तिसरा ढीग. तो मुलींच्या खोलीतला होता. ‘पहिल्या रात्री रक्त आलं नाही तर सासरचे परत पाठवतात का?’ हे मोबाईलनं शिकवलेलं नाही, माजघरात ऐकलेलं आहे. रक्त येणं न येणं यावरून काहीही ठरत नाही, अनेकींना येतच नाही. आणि एक चिठ्ठी अशी: ‘दिवाळीनंतर माझं लग्न आहे. लगेच लेकरू होतं का?’

नववीचा वर्ग होता. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीला मिळते, एकट्या पोराला नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्न लावायची घाई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होतं, परभणीत ४८. लैंगिक आयुष्य कुठल्या वयात सुरू होतं हा तुमच्या प्रश्नातला ‘वागण्या’चा भाग असेल, तर आमच्याकडे ते ठरवणाऱ्या घरांत कित्येकदा टीव्हीही नसतो. सरांना मी ती चिठ्ठी वाचून दाखवली आणि विचारलं, यात मोबाईल कुठे आहे? ते म्हणाले, “हस्ताक्षर दाखवा, मी बघतो कोण आहे.” मी दाखवलं नाही, कारण आधीच्या वर्षी असंच नाव कळून बोभाटा झाला होता आणि लग्न आठ दिवस अलीकडे आलं होतं.

तिसऱ्या दिवशी दोन्ही वर्गांत सगळ्यांना एकदमच सांगितलं: १०९८ वर फोन केला तर नाव बाहेर येत नाही, गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि दर मंगळवारी दुपारी रुग्णालयात मी एकटी बसलेली असते. मंगळवारी कुणी आलं नाही. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्या वर्गातल्या चार मुली हजेरीपटावर गैरहजर होत्या. ती चिठ्ठी चौघींपैकी कुणाची, का पाचवीच कुणाची, ते मला आजही माहीत नाही.